एक्केचाळीस रुपयांचा गुरुवार

१

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता सुरजनं घरातला चोर पकडला, तेव्हा त्याची नऊ महिन्यांची लेक त्या चोराच्याच कडेवर बसून तिच्या कानातला डूल ओढत होती.

"दहा वेळा," मोबाइल बायकोपुढे धरत तो म्हणाला. "दहा वेळा कोणीतरी आपलं कार्ड वापरलं. मले पत्ता नाई. तुले आहे का?"

दिव्यानीनं क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट वाचलं. दूध, पेट्रोल, रिनाच्या लसीचं बिल, दुकानातला किराणा. आणि त्यांच्या अधूनमधून, तांदळातल्या खड्यांसारख्या, त्या दहा ओळी. प्रत्येकीत एकच नाव, केआरव्ही पेटेक, बेंगळुरू. जूनमधल्या चार ओळींत ब्याऐंशी रुपये, जुलैतल्या सहा ओळींत एक्केचाळीस. सगळे मिळून पाचशे चौऱ्याहत्तर.

"बेंगळुरूला कोण गेलं आपल्यातून?" ती म्हणाली.

"जावं कशाले लागते? मोबाइलवरचे गेम असतीन, रिचार्ज असंल. कार्ड टेकवलं की झालं, पिनसुद्धा लागत नाई."

ते कार्ड घरखर्चाचं होतं. फ्रिजवरच्या स्टीलच्या डबीत पडून असायचं. दूध आणायला जाणारा ते घेई आणि परत डबीत टाकी. सुरज, त्याचा धाकटा भाऊ रोशन, सासरे गुणवंतराव, दिव्यानी. आणि भाजी आणायला गेली की रुखमा.

सुरज आता रुखमाकडे वळला.

"तारखा पाहा, रुखमाबाई. दहाच्या दहा ओळी गुरुवारच्या. एकोणीस जूनपासून कालपर्यंत पाच गुरुवार, दर गुरुवारी दोनदा. आन जूनपासून गुरुवारी अर्धी सुट्टी कोण घेऊन राह्यलं?"

रुखमानं डूल हळूच रिनाच्या मुठीतून सोडवला.

"मी चोरी नाई केली, भाऊ."

"मंग गुरुवारी कुठी जाता, ते सांगा."

रुखमानं रिनाला दुसऱ्या कडेवर घेतलं. पंचेचाळिशीची, उंच, कमी बोलणारी बाई. रिनाच्या जन्मापासून या घरात येत होती. दिव्यानीला वाटलं, आता ती गावचं नाव सांगेल, एखाद्या नातलगाचं आजारपण सांगेल, काहीही सांगेल. रुखमानं मोबाइलकडे एकदा पाहिलं, स्टीलच्या डबीकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. काहीतरी तिला आत्ताच कळलं होतं.

"ते मी नाई सांगू शकत," ती म्हणाली.

"ठीक आहे. उद्या सिक्युरिटीत अर्ज देतो."

वीज केंद्राच्या ऊर्जानगर कॉलनीत घरकामाच्या बायांना गेटपास लागतो. एका क्वार्टरनं चोरीचा अर्ज दिला की पास गेला, आणि पास गेला की तिन्ही घरांचं काम गेलं. रुखमा तीन घरांचं करायची. काम तर गेलंच असतं, वर चोर हा शब्द तिच्या आधी तिच्या गावात पोचला असता.

"सुरज, आधी विचारू तरी नीट."

"विचारलं न मी. आन बाबाले यातलं काही सांगू नको, त्याइचा जीव आहे तिच्यावर. बीपी वाढंल."

बाबा तेव्हा फिरायला गेलेले होते. रुखमानं रिनाला दिव्यानीच्या हातात दिलं, चपला पायात घातल्या आणि दारात थांबली.

"ताई, उद्या बाबा रिनाले घेऊन निघतीन त तुमी संगं जा. एकट्यानं नका जाऊ देऊ."

"का गं?"

पण रुखमा तोवर पायऱ्या उतरून गेली होती.

२

शनिवारी पहाटे कंपनीची बस सुरजला पहिल्या शिफ्टला घेऊन गेली. दिव्यानीनं रिनाला भरवलं, आंघोळ घातली. निम्मा वेळ ती त्या दहा ओळींचाच विचार करत होती. दहा दिवसांनी तिची रजा संपत होती; पोस्टातल्या खिडकीमागं बसताना लेक कोणाच्या हातात सोडायची, हा प्रश्न रुखमा होती म्हणून पडला नव्हता. पण खरं सांगायचं तर तिला खुपत होतं ते वेगळंच. चोरी करणारी बाई पोराची काळजी सांगून जात नाही.

"रुखमा आली नाई?" पेपरातून डोकं वर काढत गुणवंतरावांनी विचारलं.

"आज सुट्टी घेतलीय तिनं, बाबा."

"असं असं."

तेहतीस वर्षं गुणवंतराव बोरकुटे याच वीज केंद्रात होते. कंट्रोल रूममधले घड्याळासारखे काटेकोर, असं अजून लोक सांगत. अक्षर छापल्यासारखं. त्यांच्या पेपरावरचं शब्दकोडं आज अर्धंच सुटलेलं दिसत होतं.

रोशन बनियनवर फरशीवर पडून पोलीस भरतीचं पुस्तक छातीवर घेऊन झोपला होता. दिव्यानीनं त्याला पायानं ढोसलं.

"भाऊजी, खरं सांगा. गुरुवारी तुम्ही कुठं असता?"

"ग्राउंडवर. काऊन?"

तिनं हळू आवाजात सगळं सांगितलं. रोशन उठून बसला, आणि त्याला रागाऐवजी हसू आलं.

"वहिनी, मी चोरी करीन त एक्केचाळीस रुपयांची करीन? माझी काही इज्जत आहे का नाई?"

"हळू बोला."

"पिन मले माहीत आहे, तुमाले माहीत आहे, रुखमाबाईलेही माहीत आहे. दादानं रिनाचा जन्मदिवसच टाकून ठेवला आहे, भिंतीवर लिहिल्यासारखा. चोराले पिन माहीत असताना तो एटीएमातून दहा हजार काढंल, का महिनाभर शेंगदाण्याच्या पुड्या घेईन?"

पोरगा चेष्टेत बोलला, पण मुद्द्याचं बोलला. ज्यानं कोणी कार्ड घेतलं, त्याला लागलं तेवढंच घेतलं, आणि दर वेळी कार्ड डबीत परत ठेवलं.

"रुखमा आली नाई का आज?" बाबांचा आवाज आला.

"नाही बाबा. सुट्टी."

"असं असं."

रोशन भरतीच्या सरावाला निघून गेला. दिव्यानी ओटा पुसत होती तेवढ्यात मागून पावलं वाजली.

"पोरी, रुखमा दिसत नाई आज?"

तिसऱ्यांदा. किती लळा आहे या माणसाला, असं मनात येऊन दिव्यानीला स्वतःचीच लाज वाटली.

३

शेजारच्या क्वार्टरमधल्या वच्छलाबाई भोयर कढीपत्ता मागायला आल्या, तेव्हा दिव्यानीनं त्यांच्यापुढं मन मोकळं केलं. या बाईंनी बावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली होती. रिटायर होऊन मुलाकडे राहायला आल्या, तरी भाजीवाल्याला पैसे देताना नोटा अजून बोटांमध्ये उभ्या दुमडून धरत.

"दाखव त ते स्टेटमेंट."

"हे नाव बघा. केआरव्ही पेटेक."

"नाव राहू दे बाजूले. आकडे वाच."

"ब्याऐंशी, ब्याऐंशी. पुढच्या गुरुवारी परत तसंच. मग जुलैत एक्केचाळीस, एक्केचाळीस."

वच्छलाबाईंनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते, आणि उजव्या हाताचा अंगठा हवेत बटणं दाबत होता.

"चंद्रपूर-मूल," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मूल गावचं तिकीट आहे हे. सकाळी जायचं, दुपारी यायचं. म्हणून दिवसाचे दोन. आताच्या तिकीट मशीनले कार्ड टेकवता येते. मशीनवाली कंपनी कुठलीतरी बाहेरची राह्यते, तिचंच नाव छापून येते. लोकाइले वाटते, लुटलं आपल्याले."

दिव्यानीच्या हातातला कढीपत्ता तसाच राहिला. बसचं तिकीट! गेम नाही, रिचार्ज नाही.

"म्हणजे जूनमध्ये फुल तिकीट, जुलैत अर्धं," ती भराभर बोलली. "जूनमध्ये कोणी पुरुष गेला, जुलैत बाई. बायांना अर्धं असतं न?"

"इथंच चुकलीस," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांना मजा येऊ लागली होती. "मूलचं फुल तिकीट ब्यांशी नाईच. एक्क्यांशी आहे. त्याचं अर्धं साडेचाळीस. अर्धा रुपया कोण देते अन् कोण घेते? म्हणून मशीन वर ओढून एक्केचाळीस करते. आता सांग, ब्यांशी कसे झाले?"

दिव्यानीनं बोटांवर मोजलं. "दोन अर्धी तिकिटं."

"हां! त्या एका रुपयासाठी लोक माझ्याशी मूल येईपर्यंत भांडत. 'बाई, दोन अर्धे म्हणजे एक फुल, मंग रुपया जास्त काऊन?' म्हणून तो रुपया मले झोपेतही दिसते. एक जण नाई गेला, पोरी. दोघं गेले. दोघंही अर्ध्या तिकिटावर."

"अर्धं तिकीट कोणाकोणाला?"

"बायाइले. आन पासष्टच्या वरच्या बुढ्याइले."

दिव्यानी खाली बसली. रुखमा बाई होती. रुखमाचं गाव मूलच्याच रस्त्यावर होतं, गुरुवार तिचाच होता. फास आणखी आवळल्यासारखा झाला.

"रुखमाच आहे ती," तिनं कसंबसं म्हटलं.

"एक तिकीट तिचं असंल, मी कुठी नाई म्हणतो? दुसरं कोणाचं?"

"जुलैत तर दुसरं कोणी गेलंच नाही. एकच तिकीट आहे."

"गेलं नाई," वच्छलाबाई सावकाश म्हणाल्या, "नाईतर फुकट गेलं. पंच्याहत्तर पूर्ण झाले की तिकीट लागत नाई. आधार कार्ड दाखवलं की शून्याचं तिकीट हातात. सव्वीस जूनच्या गुरुवारी त्याले तिकीट लागलं. तीन जुलैले नाई लागलं. मधल्या सात दिवसांत कोणाले पंच्याहत्तर लागले, तेवढं शोध."

दिव्यानीच्या डोळ्यांपुढं एकच माणूस आला आणि लगेच तिनं सुटकेचा श्वास सोडला.

"मग आमचे बाबा नाहीत. त्यांचा जन्म तान्ह्या पोळ्याचा. पंच्याहत्तरी ऑगस्टात आहे, आम्ही सगळ्यांना बोलावलंय."

वच्छलाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"अवो बाई, तो आईच्या तोंडचा जन्म. शाळेतला कोणता? त्या काळात मायबाप पोराले शाळेत न्यायचे, मास्तर विचारे तारीख कोणती, ते म्हणत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. मास्तर कपाळाले हात लावे आन लिहून टाके, एक जुलै. अर्धा तालुका एक जुलैले जन्मला आहे! माझ्या नोकरीच्या शेवटल्या वर्षी एक जुलैले पहिल्याच गाडीत अकरा बुढे आधार कार्ड नाचवत चढले होते."

दिव्यानी उठली. कपाटातली कागदांची फाइल तिनं पलंगावर उलटी केली. पेन्शनचे कागद, रिनाचा जन्मदाखला, आणि प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स.

गुणवंत डोमाजी बोरकुटे. जन्म, एक जुलै एकोणीसशे पन्नास.

४

"पण बाबांना पेन्शन आहे," दिव्यानी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "त्यांचं स्वतःचं एटीएम कार्ड आहे. ते घरचं कार्ड कशाला घेतील? आणि मूलला काय आहे?"

"गुरुवारी मूलले काय आहे ते मी सांगतो. बाजाराचा दिवस नाई तो. पण गुरुवारच्या सकाळच्या गाडीत म्हातारे माणसं असत, आन प्रत्येकासंगं एक सांभाळणारं. तिथल्या ट्रस्टच्या दवाखान्यात गुरुवारी नागपूरहून डॉक्टर येते." वच्छलाबाईंनी बोट कपाळाला लावलं. "याचा. विसरभोळेपणाचा, फिट येण्याचा, हात थरथरण्याचा."

आता एकेक गोष्ट आपोआप जागेवर येऊन बसू लागली, आणि ती बसताना दिव्यानीला दुखत होती.

दर गुरुवारी सकाळी बाबा जुन्या सोबत्यांना भेटायला म्हणून निघत आणि दुपारी जेवायलाच परतत. मे महिन्यापासून ते म्हणत होते, कॉलनीतलं एटीएम बिघडलंय. आणि पैसे रोशनला काढून आणायला सांगत होते. एटीएम बिघडलं नव्हतं. त्यांना चार आकडे आठवत नव्हते. त्यांचं स्वतःचं कार्ड दर वेळी तेच आकडे मागायचं; ज्याला आकडे आठवत नाहीत, त्याला नुसतं टेकवायचं कार्डच कामाचं. घरात पिन सगळ्यांना माहीत होता, म्हणून टेकवून टेकवून बारके पैसे देणारा माणूस तोच, ज्याला पिन सांगूनही उपयोग नव्हता.

सकाळपासून तीनदा तोच प्रश्न. तो लळा नव्हता. पहिलं उत्तर दुसऱ्या प्रश्नापर्यंत टिकलं नव्हतं.

आणि जूनपासून रुखमा रोज संध्याकाळी कामाची वेळ संपल्यावरही तासभर थांबायची. बाबा रिनाला घेऊन बगीच्यात जात, आणि ही बाई त्यांच्या मागं वीस पावलांवर. "घरी कामं नाहीत का गं तुला?" असं दिव्यानीनं एकदा तिला टोकलं होतं. रुखमा नुसती हसली होती.

उद्या बाबा रिनाले घेऊन निघतीन त तुमी संगं जा.

"वच्छलाबाई," दिव्यानी म्हणाली, "रिनाचा आवाज येतोय का हो तुम्हाला?"

दोघी बाहेरच्या खोलीत आल्या. चटईवर खुळखुळा पडला होता. आरामखुर्ची रिकामी होती. दाराची कडी उघडी होती, आणि बाबांच्या चपला जागेवर नव्हत्या.

५

ऊर्जानगरातली क्वार्टरं एका साच्यातून काढल्यासारखी. तोच पिवळा रंग, तेच हिरवं दार, तीच तुळशीची कुंडी. नवीन पाहुणा हमखास चुकतो. तेहतीस वर्षं राहिलेला माणूस चुकेल, असं कोणाच्या मनात येत नाही.

वच्छलाबाई बगीच्याच्या बाजूनं गेल्या, दिव्यानी दुसऱ्या बाजूनं. ती पळत होती आणि तिच्या पायात चपला नव्हत्या. पहिली ओळ, दुसरी ओळ. पावसानं शेवाळलेल्या नाल्या, सायकली, वाळत घातलेले कपडे. रस्त्यावरून कंपनीचा ट्रक गेला तेव्हा तिच्या तोंडून आवाज निघाला. चौथ्या ओळीच्या टोकाला एका कुलूप लागलेल्या क्वार्टरच्या पायरीवर गुणवंतराव बसले होते. रिना त्यांच्या खांद्यावर गाढ झोपली होती, आणि उन्हाची तिरीप तिच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्यांनी एक तळहात आडवा धरला होता. तो हात अवघडला होता, पण खाली आला नव्हता.

"कुलूप आहे," त्यांनी दिव्यानीला सांगितलं. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना कळलं. "हे आपलं नाई, नाई का?"

"नाही, बाबा."

"मी उठलो नाई. हललो की आणखी चुकतो. रुखमानं सांगतलं आहे, असं झालं की जिथं आहा तिथं बसून राहा, मी येतो. म्हणून बसून राह्यलो."

दिव्यानीला त्यांच्या हातून लेक हिसकावून घ्यायची होती. तिला ओरडायचं होतं. ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली, आणि धाप ओसरेपर्यंत रिनाच्या पाठीवर हात ठेवून राहिली.

"मूलचा डॉक्टर काय म्हणतो?" तिनं विचारलं.

म्हाताऱ्यानं रिनाचं झबलं नीट खाली ओढलं.

"दर गुरुवारी एक इंजेक्शन देते. रक्तात काही कमी आहे म्हणते. म्हणते, थोडं परत येईन, थोडं नाई येणार. जूनमध्ये असाच एकदा बसलो होतो, दुसऱ्याच्या दारात. रुखमाले सापडलो. तिनंच नेलं. इथल्या दवाखान्यात सगळे मले ओळखते, म्हणून लांब मूलले. ऑटोचे पैसे ती देते, बसचं मी देतो."

"फ्रिजवरच्या कार्डानं."

"हो. टेकवलं की झालं. आमच्या कॅन्टीनचं कार्ड होतं न, टेकवायचं आन ताट घ्यायचं. तसंच ते." ते थांबले. "त्याचं बिल येते का?"

"येतं, बाबा. नाव आणि तारखेसकट."

"रुखमाले वाटे, माझंच कार्ड आहे."

तेच काल रुखमाला कळलं होतं, डबीकडे पाहताना. एका वाक्यात ती सुटली असती.

"आम्हाला का नाही सांगितलं?"

"मंग तू हिले माझ्या हाती देली असती?" त्यांनी झोपलेल्या रिनाकडे हनुवटी केली. "रुखमाकून वचन घेतलं मी. म्हटलं, घरात सांगशील त मी मूलले येणार नाई."

दिव्यानीनं त्यांना रुखमाचं सगळं सांगितलं. अर्ज, गेटपास, चोर. ऐकता ऐकता गुणवंतराव उठून उभे राहिले.

"सुरज किती वाजता येते?"

"दोनच्या बसनं. त्यानंतर तो अर्ज देणार आहे. अजून अर्धा तास वेळ आहे, बाबा."

वेळ नव्हता. कोपऱ्यावरून वच्छलाबाई पदर खोचून धावत येत होत्या.

"सापडले का? बरं झालं. आन ऐक, बगीच्यातला माळी सांगे, सुरजनं सकाळीच ड्यूटीवर जाता जाता अर्ज टाकला आहे. रुखमाले गेटवर अडवून ठेवलं आहे. सातपासून उभी आहे ती तिथं!"

६

गेटवरच्या केबिनबाहेर रुखमा भिंतीला टेकून उभी होती. दुसऱ्या घरच्या कामाला आली तेव्हा तिचा पास काढून घेतला होता, आणि साहेब येऊन चौकशी करेपर्यंत थांब म्हणून सांगितलं होतं. येणारे-जाणारे पाहत होते. तिनं मान खाली घातली नव्हती.

सिक्युरिटीचे सोमाजी निमगडे गुणवंतरावांना पाहून खुर्चीतून उठले. "साहेब, तुमी कशाले आले? मी सुरजले फोन केला असता."

तेवढ्यात कंपनीची बस थांबली आणि सुरज उतरला. वडील, बायको, खांद्यावरची लेक, शेजारीण; सगळ्यांना एका ठिकाणी बघून तो गोंधळला.

"काय झालं? बाबाले काऊन आणलं इथं?"

दिव्यानी बोलणार होती. वाटेत तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती, बाबांचं झाकून रुखमाला सोडवणारी. पण गुणवंतरावांनी हात वर केला, कंट्रोल रूममध्ये करत असतील तसा.

"तू शोधतो तो माणूस मी आहे, सुरज. गुरुवारी मूलले मी जातो. दवाखान्यात. मले आठवत नाई आजकाल. एकटं जाता येत नाई, म्हणून रुखमा नेते. कार्ड मी घेतलं."

सुरजचा चेहरा पांढरा पडला. त्यानं निमगड्यांकडे पाहिलं, जणू आत्ता बोललेलं त्यांनी ऐकलं नसेल तर बरं. त्यांनी ऐकलं होतं. चहावाल्यानंही ऐकलं होतं.

"बाबा, घरी चला, घरी बोलू..."

"इथंच बोलायचं. तू अर्ज इथंच दिला न?"

सुरजनं खांद्यावरची डब्याची पिशवी खाली ठेवली. मग रुखमासमोर जाऊन हात जोडून म्हणाला, "चुकलं माझं, रुखमाबाई. मी अर्ज परत घेतो. माफ करा."

"माफीचं मी काय करू, भाऊ?" रुखमाचा आवाज काल होता तसाच होता, शांत. "उद्या कोणी विचारलं त माफी कोणाले दाखवू? माझं नाव तुमी कागदावर लिहून देल्लं. कागदावरच पुसून द्या."

"मी लिहितो," सुरज म्हणाला.

"नाई. मी लिहितो," गुणवंतराव म्हणाले.

निमगड्यांनी कोरा कागद आणि पेन पुढं केलं. म्हातारा खुर्चीवर बसला, आणि ते छापल्यासारखं अक्षर एकेक शब्द बोलत कागदावर उतरू लागलं.

"मी, गुणवंत डोमाजी बोरकुटे, सेवानिवृत्त, लिहून देतो की... माझी स्मरणशक्ती कमी झाली आहे. उपचारासाठी मला दर गुरुवारी मूल येथे... सोबत करणाऱ्या, प्रामाणिक... श्रीमती रुखमा..."

पेन थांबलं.

सगळे वाट पाहत होते. गुणवंतरावांनी शब्द पुन्हा वाचला, डोळे मिटले, उघडले. गेटवर एक मोटारसायकल हॉर्न देऊन गेली. सुरज सांगायला तोंड उघडणार तोच दिव्यानीनं त्याचं मनगट दाबलं.

ते इतर कोणाकडेही बघत नव्हते. रुखमाकडेच बघत होते.

"रुखमा, तुझं आडनाव काय गं?"

"कुमरे, बाबा," ती म्हणाली. "घाई नाई. लिहा."

त्यांनी लिहिलं. तारीख निमगड्यांना विचारून टाकली, सही केली. कागदावर शिक्का बसला. रुखमानं त्याची झेरॉक्स मागून घेतली, घडी करून कमरेच्या बटव्यात ठेवली, आणि मग पास हातात घेतला. रिना जागी होऊन तिच्याकडे झेपावत होती. रुखमानं तिच्या गालाला नुसतं बोट लावलं.

"दुसऱ्या घरचे भांडे सकाळपासून पडले आहेत. आधी तिकडं जातो," ती म्हणाली. "तुमच्याकडे सोमवारी येईन, ताई."

"येशील न नक्की?"

"बोलली न." ती चार पावलं चालून गेली, थांबली, आणि मागं वळून सुरजला म्हणाली, "गुरुवारी रिनाले मी पाहीन, भाऊ. बाबासंगं तुमी जा. साडेआठची गाडी असते. खिडकीजवळ बसवाल त्याइले, गावाची नावं वाचत राह्यले की त्याइले बरं वाटते."